चौथा अंक कोणाचा

पीएच.डी.ची हौस मला कधी नव्हती. विभागप्रमुख म्हणाले, "करून टाका, पुढे अडायला नको," म्हणून मी नाव नोंदवलं. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. माझी जागा राखीव होती. स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझ्यासमोर त्यावर कोणी कधी काही बोलत नसे. माझ्या आधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते. लग्नानंतर मी नाशिकरोडला आले. नवरा एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात ऑपरेटर होता. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची आणि आमचं घर त्या पाळीवर चालायचं.

मार्गदर्शक म्हणून मला एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. ते गंगापूर रोडला राहायचे. पत्नी वारलेली, घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी बँकेत नोकरीला होती, साधारण माझ्याच वयाची. तिनं लग्न केलं नव्हतं. पहिल्या भेटीत सरांनी विचारलं, "विषय काय घ्यायचा म्हणता?"

"तुम्ही सांगाल तो," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही. "मी सांगितला तर तो माझा विषय होईल. महिनाभर वाचा आणि मग या."

त्या महिन्यात कॉलेजच्या लायब्ररीत मला एक जुनं इंग्रजी नाटक सापडलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनला छापलेलं. पुस्तकावर एकाच नाटककाराचं नाव होतं, आणि तो त्या काळातला नावाजलेला माणूस. पण प्रस्तावनेत संपादकानं लिहिलं होतं की चौथा अंक बहुधा दुसऱ्याच कोणाकडून लिहून घेतलेला असावा, कारण तो मूळ लेखकाच्या तोलाचा वाटत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी दिलेल्या माणसाची बायको तुरुंगाच्या दारात येते आणि नवऱ्याचं प्रेत मागते, तोच तो चौथा अंक. तुरुंगाचा रखवालदार तिला आत सोडत नाही आणि हाकलूनही देत नाही. दोघं दारातच उभं राहून बोलत राहतात, हवापाण्याचं, भाकरीच्या भावाचं. सगळ्या नाटकात मला जिवंत वाटलेला भाग तेवढाच होता.

सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "घ्या हाच विषय. पण तुम्हाला आवडला, याला पुरावा म्हणत नाहीत."

मग मी कामाला लागले, आणि ते काम किती कंटाळवाणं असतं ते मला हळूहळू कळलं. त्या काळी लंडनच्या नाटक मंडळ्यांना सारखी नवी नाटकं लागत. एकट्याच्यानं तेवढं लिहून होत नसे. म्हणून दोघं-तिघं अंक वाटून घेत, कोणी सुरुवात लिही, कोणी मधले प्रवेश, कोणी जुनं नाटक डागडुजी करून देई. नाटक मंडळीचं होई. पुढे ते छापताना छापणारा खपेल ते नाव घाली. असे अंक वेगळे काढायचे तर मोठमोठ्या कल्पनांचा उपयोग नसतो, त्या कोणीही कोणाच्या उचलतो. बघायच्या त्या बारीक सवयी. मराठीत एखादा माणूस जन्मभर 'परंतु' लिहितो आणि दुसरा 'पण', तसं. एक लेखक जुन्या वळणाचं 'हॅथ' लिहायचा, दुसरा 'हॅज'. एकाला वाक्याच्या शेवटी नसता शब्द जोडायची खोड. लिहिताना माणसाचं तिकडे लक्ष नसतं, म्हणून तिथे तो सापडतो.

हे सगळं मी हातानं करत होते. लाल पेन्सिल एका सवयीसाठी, निळी दुसऱ्या. माझा संशय ज्या एका विसरल्या गेलेल्या लेखकावर होता, त्याची स्वतःच्या नावावर छापलेली नाटकं अगदी थोडी होती, ती मिळवायला मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत खेटे घातले. मुलगा लहान होता. सासूबाई त्याला सांभाळायच्या, पण घरात मी पुस्तक उघडलं की त्यांना वाटायचं मी रिकामी बसले आहे, आणि त्या निवडायला मेथी आणून ठेवायच्या. मी मेथी निवडत निवडत वाचायचे.

एकदा दिवाळीत मनमाडला गेले होते. वडील अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुझं ते चाललंय काय नेमकं?"

मी सांगितलं, "दादा, एक जुनं नाटक आहे. लिहिलं दोघांनी आणि नाव एकाचंच आलं. मी दुसऱ्याचं शोधते आहे."

"मंग त्याच्या पोराबाळांना काय मिळंल का त्याचं?"

"आता कुठली पोरंबाळं. साडेतीनशे वर्षं झाली."

त्यांनी जरा विचार केला. "मंग लय दगदग नको करू," म्हणाले. "डोळे खराब व्हतील."

दर रविवारी दुपारी मी नाशिकरोडहून बसनं यायचे आणि सरांच्या मागच्या पडवीत बसायचे. सरांची मुलगी दार उघडायची, चहा ठेवून आत जायची. सर माझं लिखाण ओळीओळीनं वाचत. माझं इंग्रजी बरं होतं, पण ते पाठ केलेलं इंग्रजी होतं. लांब वाक्यात शिरले की मला बाहेर पडता यायचं नाही. सर पेन्सिलनं वाक्य मोडून त्याची दोन करून देत. आधी मला लाज वाटायची. नंतर सवय झाली. पुढे तर असं झालं की घरी लिहिताना मी वाक्य त्यांच्यासारखंच मोडायला लागले.

मुद्द्यांवर मात्र आमचं वाजायचं. चौथ्या अंकात त्या बायकोच्या तोंडी एक लांब भाषण आहे. सरांचं म्हणणं, अंक दुसऱ्याचा असेल, पण हे भाषण त्या मोठ्या नाटककारानं मागाहून घातलं असणार.

"कशावरून?" मी विचारलं.

"ते इतकं चांगलं आहे."

"सर, मग हे असंच चालणार. चांगलं ते मोठ्याचं, कच्चं ते दुसऱ्याचं. आणि दुसऱ्याचं सगळं कच्चं निघालं की आपण म्हणणार, बघा, तो लहानच होता."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पुरावा आणा," एवढंच म्हणाले.

पुरावा आणायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्या भाषणात सगळ्या सवयी दुसऱ्याच्या होत्या. मग सरांनी नवीन शंका काढली, की छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं स्वतःच्या सवयीनं शब्द बदलले असतील तर? आपण लेखक समजून खिळे जुळवणाऱ्यालाच शोधत असू तर? ती शंका रास्त होती. त्या रविवारी घरी परत येताना बसमध्ये मला रडू आलं. शेजारी फुलांच्या टोपल्या घेऊन एक बाई बसली होती, तिनं विचारलं, "कोण गेलं का बाई?" मी म्हटलं, कोणी नाही, डोकं दुखतंय.

खिळे जुळवणाऱ्याचं कोडंही सुटलं, पूर्ण नाही, पुरेसं. त्याच छापखान्यातली त्याच वर्षीची दुसरी पुस्तकं बघावी लागली. सरांनी ओळखीतून त्यांच्या प्रती मागवल्या. एका रविवारी मी आकडे मांडून दाखवल्यावर सर म्हणाले, "ठीक. भाषण त्याचंच. मी इतकी वर्षं ते चुकीचं शिकवलं." आणि आत वळून मुलीला हाक मारून म्हणाले, "अगं, जरा काहीतरी गोड दे." तिनं गुळाची पोळी आणली. तिच्या चेहऱ्यावर मला कौतुकही दिसलं नाही आणि रागही. ती दमलेली दिसली. तिचाही तो सुट्टीचा दिवस असे, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

त्यानंतर पुण्याला एक चर्चासत्र झालं. सर म्हणाले, भाषणावरचा भाग तिथे वाचा. मी वाचला. सर पहिल्या रांगेत बसले होते. प्रश्न फारसे आले नाहीत. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ प्राध्यापक माझ्याजवळ आले. अतिशय सभ्य माणूस, बोलणं मऊ.

"छान झाला निबंध," ते म्हणाले. "भाषेवर सरांची छाप दिसते. मांडणीही त्यांचीच, जुनी ओळख आहे ना, लगेच कळतं. तिसरा मुद्दा मात्र जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. तो तुम्ही घातलात का?"

तिसरा मुद्दा सरांचा होता. मी नको म्हणत असताना त्यांनी घालायला लावला होता. मी म्हटलं, "हो, मीच घातला." का म्हटलं, कोण जाणे. दुसरं काही म्हटलं असतं तर लांबण लागली असती.

सरांच्या कानावर ते कसं तरी गेलं. त्यांनी त्या प्राध्यापकांना गाठून सांगितलं की सगळं काम हिचं आहे, मी फक्त स्वल्पविराम दिले. प्राध्यापक हसले आणि म्हणाले, "तुमचा मोठेपणा आहे." सरांनी हे मला परतीच्या वाटेवर बसमध्ये सांगितलं. त्यांना फार लागलं होतं. मला तितकं लागलं नाही. मी स्टाफरूममध्ये बसणारी होते, त्यांना हा अनुभव नवा होता.

प्रबंध दिला तेव्हा ऐंशीचं दशक सुरू झालं होतं. मुलगा शाळेत जायला लागला होता. दिला आणि विसरायचं ठरवलं. काही महिन्यांनी विद्यापीठाकडे एक निनावी तक्रार गेली. तिच्यात म्हटलं होतं की हा प्रबंध मार्गदर्शकांनीच लिहून दिला आहे. उमेदवाराची तेवढी तयारी नाही, हे तिच्याबरोबर काम करणाऱ्या कोणालाही विचारावं. तक्रार कोणी केली ते मला आजवर कळलं नाही. मी शोधलंही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या सवयी शोधण्यात माझी एवढी वर्षं गेली होती. स्टाफरूममधला कोण 'परंतु' लिहितो आणि कोण 'पण', हे बघायची ताकद राहिली नव्हती.

मला पुण्याला चौकशीला बोलावलं. नवरा म्हणाला, "मी येतो. रजा टाकतो."

"तुम्ही येऊन काय करणार? बाहेर बाकावर बसावं लागेल."

"बसेन की."

पण त्यांची रजा मंजूर झाली नाही, आणि माझ्याबरोबर सर आले. त्यांना बोलावलं नव्हतं. तेव्हा त्यांची तब्येत बिघडायला लागली होती, एसटीचा इतका प्रवास त्यांनी करायला नको होता. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर त्यांची मुलगी त्यांना सोडायला आली होती. तिनं माझ्या हातात त्यांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "जेवणानंतर द्या. ते विसरतात." माझ्याशी ती एवढंच बोलली.

चौकशी समितीत दोघं होते. त्यांनी मला नीट वागवलं, पाणी दिलं. मग एक म्हणाले, "मॅडम, गैरसमज नको. पण एक करा. तुमच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात काय आहे ते इथे बसून इंग्रजीत लिहा. पुस्तक न बघता. दोन पानं पुरे."

मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, आठ-दहा वर्षं पदवीच्या मुलांना शिकवणारी बाई. त्या खोलीत एका टेबलाशी परीक्षेला बसल्यासारखी बसले. लिहायला सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य लांबलं. ते दोन वाक्यांत मोडावं असं मनात आलं, आणि लगेच वाटलं, हे तर सरांचं. मोडू की नको? मोडलं तर म्हणतील सरांची नक्कल आहे. नाही मोडलं तर म्हणतील प्रबंधातलं इंग्रजी वेगळं आहे. शेवटी हाताला सुचेल तसं लिहीत गेले. बाहेर कुठेतरी टाइपरायटर चालू होता.

त्यांनी वाचलं. "विषय तुम्हाला पूर्ण माहीत आहे, यात शंका नाही," एक म्हणाले. दुसरे म्हणाले, "भाषा मात्र थोडी वेगळी वाटते."

मी म्हटलं, "प्रबंधाची भाषा सरांनी तपासली आहे. मार्गदर्शक तपासतातच ना?"

"तपासतात," ते म्हणाले. "प्रश्न किती, हा असतो."

किती, ते मलाही सांगता आलं नाही. नंतर घरी मी खरंच प्रबंध घेऊन बसले आणि शोधायला लागले, की यातली माझी वाक्यं कोणती आणि सरांची कोणती. काही ठिकाणी आठवलं. बऱ्याच ठिकाणी आठवेना. इतक्या रविवारी त्यावरून पेन्सिल फिरली होती की वाक्य कोणाच्या तोंडून आधी निघालं हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं मी ते बंद करून ठेवलं.

चौकशीच्या त्या दिवशी परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना गोळ्या दिल्या, चहा आणला. ते म्हणाले, "मी तुमचं इंग्रजी सुधारायला नको होतं."

"मग प्रबंध नापास झाला असता."

"झाला असता कदाचित. पण तुमचा म्हणून झाला असता."

"सर, मला नापास व्हायचं नव्हतं."

ते हसले. मग बशीत चहा ओतत म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांची वाक्यं दुरुस्त केली. ती कोणाची झाली, असं मला कोणी कधी विचारलं नाही. देशपातळीवर गेलेले विद्यार्थी आहेत माझे. त्यांना कोणी खोलीत बसवून लिहायला लावलं नाही." पुढे बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण कंडक्टरनं घंटी दिली. नाशिक येईपर्यंत ते झोपून राहिले. मला झोप आली नाही.

चौकशीत काही निघालं नाही. पदवी मिळाली, दीडेक वर्ष उशिरानं. कॉलेजात पेढे वाटले. विभागप्रमुख म्हणाले, "सुटलात." मला तेच वाटत होतं. सरांनी बातमी ऐकून माझे दोन्ही हात हातात घेतले. तोवर त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणं जड झालं होतं. तरी रविवारी मी जायचे. लिखाण काही नसायचं, पेपर वाचून दाखवायचे. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले.

त्यानंतर वर्षभरात एका छोट्या प्रकाशकानं प्रबंधाचं पुस्तक करायची तयारी दाखवली. मी होकार दिला आणि ही गोष्ट सरांच्या मुलीला सांगायला गेले. कधी नव्हे ते तिनं मला पुढच्या खोलीत बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, पुस्तकावर बाबांचंही नाव घाला."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुमच्या आधी नको," ती म्हणाली. "नंतर घाला. पण घाला."

"सरांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं की काम माझं आहे."

"ते सांगणारच. मी काय पाहिलं ते मी सांगते. दर रविवारी दुपारी तुम्ही यायच्या. शनिवारी ते तुमचं वाचून ठेवायचे. सोमवारी त्यावरच बोलायचे. आई गेल्यानंतर आम्ही कुठे म्हणून गेलो नाही, कारण रविवारी तुम्ही येणार असायच्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी दुसरं काही केलंच नाही. मग ते काम कोणाचं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती भांडायला बसली नव्हती. मी समोर बसून विचार करत होते, की मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी हाडं झिजवली ते हेच तर आहे: काम दोघांचं असेल तर नावं दोन असावीत. आणि माझ्या पुस्तकावर सरांचं नाव आलं की त्या दिवसापासून ते पुस्तक सरांचं होणार, हेही मला स्वच्छ दिसत होतं. त्या पुण्याच्या मऊ बोलणाऱ्या प्राध्यापकांना, चौकशी समितीला, तक्रार करणाऱ्याला, सगळ्यांना हवं ते मिळणार. चुका तेवढ्या माझ्या राहणार.

मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. पुण्याच्या चहाच्या वेळचं सांगितलं, तिसऱ्या मुद्द्याचं सांगितलं, खोलीत बसून लिहायला लावलं तेही. यातलं काही तिला माहीत नव्हतं. सरांनी घरी सांगितलं नव्हतं.

"हे बाबा असताना सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"त्यांना ठाऊक होतं."

"मला सांगायला हवं होतं."

त्या दिवशी काही ठरलं नाही. घरी येऊन मी नवऱ्याला विचारलं, "अहो, काय करू?" ते नुकतेच पाळीवरून आले होते, मानेवर राख तशीच होती. ते म्हणाले, "तुला झोप लागेल असं कर." मी म्हटलं, झोप दोन्हीकडून लागणार नाही. "मग जेवून घे," ते म्हणाले.

मी प्रस्तावना लिहायला घेतली. नेहमीची आभाराची चार वाक्यं लिहून बघितली, ती खोटी वाटली. मग घडलं तसं लिहिलं. विषय मी निवडला. पुरावा मी गोळा केला. सरांचं मत सुरुवातीला उलट होतं, त्यांच्या शंकांमुळे दोन प्रकरणं मला पुन्हा लिहावी लागली आणि ती त्यामुळे उभी राहिली. खिळे जुळवणाऱ्याचा मुद्दा सरांचा. भाषा त्यांनी ओळ न ओळ तपासली आणि आता तिच्यातली कुठली वाक्यं कोणाची हे मला सांगता येत नाही. पुस्तकाची जबाबदारी माझी आहे. इतकं साधं. मुखपृष्ठावर नाव माझं एकटीचंच ठेवायचं, हेही मी ठरवलं.

छापायला देण्याआधी मी ते तिच्याकडे घेऊन गेले. इंग्रजीत होतं, मी वाचत गेले आणि ती ऐकत गेली. तिनं मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "एक शब्द बदला. तुम्ही लिहिलंय, सरांनी मदत केली. बाबांनी मदत नाही केली. काम केलं."

मी तिथेच पेनानं शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. तिनं कागद हातात घेऊन ती ओळ बघितली.

"मुखपृष्ठावर नाही ना घालणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिला ते पटलं होतं असं मला वाटत नाही. पण आत जाऊन तिनं चहा केला, आणि तो घेऊन आत न जाता माझ्यासमोर बसली. आम्ही बँकेतल्या बदल्यांविषयी बोललो. तिला नांदगावच्या शाखेत पाठवणार अशी चर्चा होती आणि घर बंद ठेवावं की भाड्यानं द्यावं हे तिचं ठरत नव्हतं.

पुस्तक निघालं. कागद हलका होता, पुठ्ठा लवकर वाकायचा. दोनचार लायब्ररींनी घेतलं. एका इंग्रजी नियतकालिकात लहानसं परीक्षण आलं. त्यात माझ्या निष्कर्षाबद्दल शंका होती आणि प्रस्तावनेबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याच सुमारास विभागप्रमुखांनी परदेशातून आलेलं एक मासिक माझ्यासमोर ठेवलं. तिकडे आता हेच काम कॉम्प्युटरवर करतात म्हणे; लाखो शब्द एका दुपारी. "तुम्हाला आधी मिळायला हवा होता," ते चांगल्या मनानं म्हणाले. मी लेख चाळला. आमच्या नाटकाचा त्यात उल्लेख नव्हता. कोणी ते घेतलंच नव्हतं अजून.

काही प्रती उरल्या त्या मी ओळखीच्यांना दिल्या. एक मनमाडला नेली. वडिलांना वाचता येण्यासारखं त्यात माझं नाव तेवढं होतं, पण तेही इंग्रजीत. मी बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "आणि त्या दुसऱ्याचं? ज्याला शोधत व्हती?"

मी उपशीर्षकावर बोट ठेवलं. तिथे त्याचं नाव होतं, बारीक टाइपात.

"बरं झालं," म्हणून त्यांनी पुस्तक आईकडे दिलं. आईनं ते कपाटात साड्यांवर ठेवलं.

सरांच्या मुलीची बदली झाली. घर तिनं भाड्यानं दिलं. जाण्याआधी सरांची काही पुस्तकं तिनं मला नेऊ दिली. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा ती पुस्तकं दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यात तशीच पलंगाखाली पडली होती. सासूबाई रोज केर काढताना विचारायच्या, हे सोडायचं कधी? मी म्हणायचे, सोडते. मुलाच्या परीक्षा संपल्या होत्या, तो दिवसभर बाहेर हुंदडायचा. दुपारी नवरा पाळीवर गेला की मी खिडक्यांना ओल्या चादरी लावून आडवी व्हायचे. त्या सुट्टीत मी काहीच वाचलं नाही. पुष्कळ झोपले. जून उजाडला तसं कॉलेजचं वेळापत्रक लागलं. मला प्रथम वर्षाचं व्याकरण आणि निबंधलेखन दिलं होतं, सकाळचे सगळे तास.